चार फूट सात इंच

“असं लिहा मॅडम, की मगदूमांना साधं खरचटलंसुद्धा न्हाई.”

बाहुबली मगदूम यांनी शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात उलटसुलट करून मला दाखवले. मागच्या शेडमध्ये त्यांचे यंत्रमाग चालू होते, त्यामुळे ते माझ्याशी ओरडूनच बोलत होते. त्या घराला ओरडून बोलायची सवय होती. मी पुण्याहून आलेली, दर वाक्याला दचकत होते.

“हात, पाय, मान, कशाला काय न्हाई. ही शेजारी बसलेली.” त्यांनी बायकोकडे, त्रिशलाताईंकडे बोट केलं. “हिच्या बांगड्यासुद्धा फुटल्या न्हाईत. गाडीचं तोंड पार बसलं होतं. लोक पळत आले ते मेलेली माणसं बाहेर काढायला. आणि आमी दार उघडून आपल्या पायांनी खाली उतरलो!”

मी भराभर लिहून घेत होते. असंच काहीतरी ऐकायला मला इचलकरंजीला पाठवलं होतं.

ही गोष्ट २०११ सालच्या मार्चमधली. मी ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत काम करायचे ती बंद पडली होती, आणि एका मैत्रिणीच्या ओळखीनं मला हेलमार या परदेशी मोटारकंपनीचं एक पुस्तक करायचं काम मिळालं होतं. कंपनीला पंचाहत्तर वर्षं होत होती. अर्ध्या पुस्तकात कंपनीचा इतिहास आणि उरलेल्या अर्ध्यात मालकांचे अनुभव, असा बेत होता. इतिहास माझा लिहून झाला होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात दोन भावांनी काढलेला कारखाना, गाडी देखणी नसली तरी चालेल पण आतला माणूस जगला पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यांनी घालून दिलेला एक नियम: आपल्या गाडीला मोठा अपघात झाला, की आपला माणूस जाऊन ती गाडी बघून येणार. आता अनुभव गोळा करायचे होते. मगदूम माझे बारावे मालक. अपघातातून वाचल्यावर त्यांनी कंपनीला आपणहून आभाराचं पत्र लिहिलं होतं.

त्या पत्रात शेवटी एक ओळ होती. ‘मातोश्रींस दुखापत झाली, सध्या घरीच आहेत.’

“आणि तुमच्या आई?” मी विचारलं.

मगदूमांनी बाह्या खाली घेतल्या. बटणं लावली.

“ती ऐकत न्हाई कुणाचं,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागांच्या खडखडाटाखाली गेला. मला पुढे वाकावं लागलं. “कराडचं लग्न करून येत होतो. टळटळीत दुपार. निघताना मी इचारलं, आई, पट्टा लावलास? म्हणाली, लावला रे. आरशात बघितलं, तर पट्टा दिसला पण अंगावर. वाठारजवळ पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला. आदळल्यावर मागं वळून बघतोय तर ही आमच्या दोन सीटांच्या मधी येऊन अडकलेली. खुबा मोडला, हात मोडला. आणि पट्टा मागं जागच्या जागी लोंबकळतोय.”

“म्हणजे मधेच काढला असेल त्यांनी.”

“मधेच काढला का मला फसवायला नुसता अंगावर घेतला, ते तिलाच ठावं. खोटं बोलली माझ्याशी. चौऱ्याहत्तर वर्सांची बाई, पोटच्या पोराशी!” ते उठले. “ते राहू दे. ते नका लिहू. चला, गाडीजवळ फोटो काढू.”

विम्यातून त्यांनी पुन्हा तीच गाडी घेतली होती, त्याच रंगाची. अंगणात ती कव्हरखाली उभी होती. फोटोपुरतं कव्हर निघालं आणि लगेच परत चढलं. जुजबी विचारावं म्हणून मी म्हटलं, नवीन गाडीतून कुठे कुठे फिरून आलात? मगदूम कव्हरच्या दोऱ्या बांधत राहिले. त्रिशलाताई हळूच म्हणाल्या, “चार म्हयने झाले, हे स्वतः चालवतच न्हाईत. सूतबाजारात जायचं तर रिक्षानं जातात. आणि मायलेक धड बोलत न्हाईत एकमेकांशी. तुमी आक्कांना भेटा की जरा. दिसभर एकट्या असतात आत.”

माझं काम खरं तर झालं होतं. पण दिवस मावळायच्या आत जेवून जायचा त्यांचा आग्रह होता, आणि जेवायला अजून तास होता. मी आत गेले.

आक्का, म्हणजे मगदूमांच्या आई, खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी चालायची चौकट. आधी मला वाटलं की खुर्चीत कुणी लहान मुलगीच बसली आहे. पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यांच्याखाली एक पाट दिला होता. पुढ्यातल्या स्टुलावर भुईमुगाच्या शेंगांचं सूप होतं आणि त्या शेंगा फोडत होत्या. पण बोटांनी नाही. एकेक शेंग स्टुलावर ठेवायच्या आणि मनगटाच्या वर, तळव्याच्या गादीनं दाबायच्या. बोटं सगळी एका बाजूला कलली होती आणि पेरांत वाकत नव्हती.

“मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून झाली ही अशी,” मी बघते आहे हे बघून त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं भरल्या. तेव्हा दोनच माग होते आमचे. बस की. तू ती पुस्तकवाली?”

“हो आक्का.”

“माझं नाव घालू नको बाई पुस्तकात. पोराची गाडी, त्याचं घाल.”

त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असं म्हणतात. आक्काही तशाच बोलायच्या. मी त्यांच्याबरोबर शेंगा फोडायला बसले. लग्न झालंय का, आई कुठली, पुण्यात भाजी काय भाव, असं सगळं विचारून झालं. मग मीच विचारलं, “आक्का, पट्टा आवडत नाही का तुम्हाला?”

शेंग दाबणारा हात थांबला.

“आवडायचं काय त्यात? ते काय जेवण हाय?” त्या दाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, “सापडायचाच न्हाई मला.”

“काय?”

“खटका. पट्टा वढून घ्यायचो मी. पण त्याचं ते लोखंडी टोक जिथं खुपसायचं, ते बसायच्या गादीत आत कुठंतरी गाडलेलं. डोळ्यांनी दिसत न्हाई, वाकायला येत न्हाई. ही असली बोटं. चाचपून चाचपून रडकुंडीला यायचो. आणि बाहू पुढनं इचारणार, आई, लावलास का?” त्यांनी मांडीवरचा टॉवेल उचलला, खांद्यावरून तिरका घेतला आणि त्याचं टोक कमरेशी मुठीत दाबून धरलं. “हे असं धरून बसायचो. कराडपर्यंत जाताना धरून, येताना धरून. त्याला आरशात दिसावं म्हणून.”



“मग सांगायचं होतंत त्यांना. त्यांनी लावून दिला असता.”

“येकदा दिला होता त्यानं. तर तो पट्टा हितनं गेला.” आक्कांनी मान वर करून गळ्यावर आडवा हात फिरवला. “मी ही एवढीशी. गळा कापाय लागला माझा. आणि कितींदा सांगू? त्यानं लई हौसेनं घेतली गाडी. साऱ्या गल्लीला सांगत फिरला, आईसाठी घेतली, जगात हिच्यापेक्षा मजबूत गाडी न्हाई. अन् मी नाव ठेवू व्हय तिला? माझीच बोटं वाकडी, त्याला गाडी काय करंल?”

“पण आता ते म्हणतात तुम्ही खोटं बोललात.”

“बोललोच की. त्यात त्याचं काय चुकलं?” त्या परत शेंगांकडे वळल्या. “म्हणू दे. पर खरं कळलं तर तो सोताला खाईल. मीच आईला असल्या गाडीत घातली म्हणून. तू सांगणार न्हाईस. शपथ घे.”

मी शपथ घेतली.

जेवण झाल्यावर निघताना मी मगदूमांना म्हटलं, पुस्तकासाठी गाडी आतून एकदा बघते. मागच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढला. खटका दोन गाद्यांच्या फटीत, एका खळग्यात बसवलेला होता. सीट सपाट दुमडता यावी म्हणून तशी रचना केलेली. डाव्या हातानं गादी दाबून धरायची आणि उजव्या हातानं टोक आत ढकलायचं. माझी बोटं धडधाकट, वय एकतीस. मला तिसऱ्या खेपेला जमलं.

पुण्यात आल्यावर मी तीन दिवस मगदूमांसाठी राखलेल्या दहा पानांशी झुंजत होते. शेवटी सगळं लिहिलं. नावगाव बदलून, पण टॉवेलासकट लिहिलं. पुस्तकाचं काम बघणाऱ्या कार्लेकर मॅडमनी ते वाचलं. बाई कडक होत्या पण वाईट नव्हत्या.

“छान लिहिलंयस उल्का,” त्या म्हणाल्या. “पण हे वाढदिवसाचं पुस्तक आहे, तक्रारवही नाही. पट्टा होता, त्यांनी लावला नाही. यात गाडीचा काय दोष? पुढची दोघं वाचली ते ठेव, आजींचं काढ.”

“पुढची दोघं वाचली आणि मागची आई मोडली, ही एकच गोष्ट आहे मॅडम.”

“पुस्तकापुरत्या त्या दोन आहेत.”

मला नोकरी नव्हती, हे काम होतं. मी कागद घेऊन मुकाट्यानं बाहेर आले. वाद घातला असता तरी काय उपयोग होता? त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. पण घरी पोचेपर्यंत मला एकच गोष्ट टोचत राहिली. तो नियम मीच लिहिला होता, तिसऱ्या प्रकरणात, चांगली चार पानं रंगवून. आपला माणूस जाऊन गाडी बघून येणार. मग मगदूमांची गाडी कुणी बघितली?

भारतात ते काम एकच गृहस्थ करायचे, दिगंबर नेने. चाकणला वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल होतं आणि आजूबाजूला चेपलेल्या गाड्या. निवृत्तीला जेमतेम तीन वर्षं राहिलेली, बोलणं तुटक. तिसऱ्या प्रकरणासाठी मी त्यांना भेटले होते तेव्हा त्यांनी दीड तासात मोजून वीस वाक्यं सांगितली होती. त्यांतलं एक मला फार आवडलं होतं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा एका स्वीडिश इंजिनिअरनं शोधला आणि त्याच्या कंपनीनं तो सगळ्या जगाला मोकळेपणानं वापरू दिला, हे सांगताना ते म्हणाले होते, “आमच्या धंद्यात झालेली सर्वांत चांगली गोष्ट आमच्या कंपनीनं केलेली नाही.”

मगदूम हे नाव ऐकताच त्यांनी उठून फाइल काढली. गाडी त्यांनी बघितली होती. बंपर किती सेंटिमीटर चेपला, पुढचे खांब किती वाकले, सगळं बारीक अक्षरात होतं. मागचा प्रवासी: पट्टा लावला होता का? ‘नाही.’ कारण? तिथे तीन चौकोन होते: विसरले, सवय नाही, नकार. नेन्यांनी ‘सवय नाही’वर खूण केली होती.

मी सगळं सांगितलं. शपथेसकट. नेन्यांनी खूण केलेल्या चौकोनावर बोट ठेवलं.

“गाडी बघितली मी,” ते म्हणाले. “माणूस बघायचा राहिला.”

मग त्यांनी विचारलं, “उंची किती त्यांची?”

“जेमतेम माझ्या खांद्याला लागतात.”

“आम्ही धडकेच्या चाचणीत बाहुल्या बसवतो ना, त्यातली सगळ्यात लहान बाई जवळजवळ पाच फुटांची असते. तिच्याहून लहान माणूस आमच्या हिशोबात नाहीच.” त्यांनी फाइल मिटली. “तुम्ही शपथ घेतलीय, तर तुम्ही काही सांगायचं नाही. मीही नाही सांगणार. पण येत्या रविवारी आपण दोघं जाऊ.”

रविवारी माग बंद होते. इतकी शांतता होती की मला ते घर ओळखूच येईना. मगदूमांना वाटलं पुस्तकाचंच काहीतरी राहिलं असेल. नेन्यांनी सांगितलं, मी कंपनीचा इंजिनिअर, मागच्या सीटची तपासणी करायची आहे, जरा मदत कराल का? मगदूमांनी हौसेनं कव्हर काढलं. आक्का चौकट धरत धरत अंगणाकडच्या सोप्यावर येऊन पाटावर पाय ठेवून बसल्या आणि माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या.

“सूत आहे का थोडं?” नेन्यांनी विचारलं.

“सूत?” मगदूम हसले. “सुताच्या घरात बसून सूत मागताय व्हय!”

नेन्यांनी त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटवून सुतानं घट्ट गुंडाळली. मग डाव्या हाताची. पेरं वाकू नयेत म्हणून आतून पुठ्ठ्याची पट्टी. मगदूमांना गंमत वाटत होती. मग नेन्यांनी त्यांना मागे बसवलं, पाठीमागे दोन जाड उशा दिल्या आणि सांगितलं, “पाठ उशीवरनं हलवायची नाही, खाली वाकून बघायचं नाही. आता पट्टा लावा.”

मगदूमांनी दोन्ही हातांच्या चिमट्यात पट्टा धरून ओढला. कमरेपर्यंत आणला. गादीवर चाचपडले. टोक सुटलं, पट्टा सर्रकन मागे गेला. पुन्हा ओढला. “थांबा, जमतंय,” ते म्हणाले. चौथ्यांदा, पाचव्यांदा. कपाळावर घाम आला. गल्लीतली दोन-चार माणसं फाटकाशी थांबून बघायला लागली होती. कुणीतरी हसलं. नेने घड्याळाकडे बघत होते.

नवव्या की दहाव्या खेपेला मगदूमांनी टोक गादीवर कुठंतरी दाबलं आणि ते तसंच मुठीत धरून मान मागे टेकली. धाप लागली होती. पट्टा छातीवरून तिरका, नीट लावल्यासारखा दिसत होता.

आणि त्यांनी समोरच्या आरशात बघितलं.

मी त्यांच्या दारापाशीच उभी होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला तो मला दिसला. त्यांनी आरशातून नजर काढली, स्वतःच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग सोप्यावर बसलेल्या आईच्या हातांकडे.

“आई,” ते म्हणाले. “तू हे असं धरून बसलीवतीस?”

आक्कांनी हात पदराखाली घेतले.

“कराडपासनं?”

“त्याच्या आधीपासनं,” आक्का म्हणाल्या. “कोल्लापूरला जाताना पण. सांगलीला पण.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय मला!” त्यांचा आवाज फुटला. ते गाडीतून उतरले आणि तशाच बांधलेल्या हातांनी आईच्या पायांपाशी, पाटाशेजारी खाली बसले. “खोटारडी म्हटलो मी तुला. चार म्हयने.”

“अरे, मग काय सत्यवादी म्हणणार? उठ. लोक बघाय लागल्यात.” आक्कांनी आपल्या वाकड्या बोटांनी त्यांच्या हाताचं सूत सोडवायला घेतलं. गाठ सुटेना. मग त्या दातांनी सोडवायला लागल्या. त्रिशलाताई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

नेन्यांनी घसा साफ केला. “आक्का, गाठ राहू द्या. मला तुमची उंची मोजायचीय.”

आक्कांना चौकटीच्या आधारानं शेडच्या दाराशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि खडूनं खूण केली. चार फूट सात इंच. नेन्यांनी आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, “तुमच्या गल्लीत तुमच्या वयाच्या अजून कुणी आहेत का?”

तो रविवार मी विसरणार नाही. त्रिशलाताईंनी निरोप धाडले आणि दुपारपर्यंत अंगणात तेवीस बायका जमल्या. कांड्या भरणाऱ्या, वहिफणीत ताण्याचे धागे ओवलेल्या, कुणी सुनेला घेऊन आलेली, कुणी नुसती बघायला आलेली. एकेक जण मागच्या सीटवर बसून पट्टा लावून बघत होती आणि मगदूम स्वतः दार उघडून धरत होते. बाहेर हशा पिकत होता. तेवीसांतल्या चौघींना खटका लागला. नेन्यांनी दोनदा मोजून बघितलं. चारच. आणि सोळा जणींच्या गळ्याला पट्टा घासत होता.

संध्याकाळी निघताना ते मला म्हणाले, “मला मोजता येतं. लिहिता येत नाही. हा अहवाल तुम्ही लिहाल?”

सोमवारी मी कार्लेकर मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मगदूमांचं प्रकरण पुस्तकात नको. अर्धं छापण्यापेक्षा नकोच. त्या वैतागल्या, पण त्यांनी ते काढलं. पुस्तक देखणं झालं. आणि मी नेन्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खुर्ची टाकून अहवाल लिहायला बसले. त्या शेडमध्ये मी पुढे नऊ वर्षं होते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मुख्य कचेरीचं पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं: नोंद घेतली, आभार. नेने म्हणाले, “आकड्यांनी त्यांना काही दिसत नाही.” आणि ते पुन्हा इचलकरंजीला गेले. दाताच्या डॉक्टरकडून आणलेल्या मसाल्यात त्यांनी आक्कांचा उजवा हात बुडवून ठेवला, त्याचा साचा घेतला, आणि त्यातून बनवलेला पांढरा हात खोक्यात कापूस घालून थेट परदेशी पाठवून दिला. सोबत माझं एका पानाचं पत्र: हा हात एका मालकाच्या आईचा आहे, कृपया या हातानं पट्टा लावून बघावा. आक्का वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “मी हितंच हाय, पर माझा हात इमानानं गेलाय.”

सहा आठवड्यांनी तिकडच्या एका इंजिनिअरबाईंचा फोन आला. अजून मापं पाहिजे होती. मग आम्ही नाशिक, हुबळी, मदुराई फिरलो. शेकडो म्हाताऱ्या मोजल्या. काम काही एका झटक्यात झालं नाही. मधे एकदा खर्च जास्त म्हणून सगळं बासनात गेलं होतं, ते नेन्यांनी चिकाटीनं परत काढायला लावलं. पण २०१३ च्या डिसेंबरात नवीन गाड्या आल्या. त्यांच्या मागच्या सीटला खटका गादीच्या वर, ताठ देठावर उभा होता, आणि पट्टा खांद्याशी खाली सरकवायची सोय होती. गाडीसोबतच्या पत्रकात एवढंच छापलं होतं: मागील पट्ट्यात सुधारणा. कुणाचं नाव नव्हतं. नेन्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते आणि पहिल्यांदा मला ते हसताना दिसले.

त्यातली एक गाडी घेऊन आम्ही इचलकरंजीला गेलो. सकाळची वेळ होती. आक्का आता काठीवर चालत होत्या. मगदूमही पुन्हा गाडी चालवायला लागले होते, पण आईला घेऊन अजून गावाबाहेर गेले नव्हते. आईनं कधी म्हटलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

आक्का मागे बसल्या. पट्टा ओढला, टोक देठावर टेकवलं आणि शेंग दाबावी तसं तळव्याच्या गादीनं दाबलं. पहिल्याच खेपेला लागला. बाहेर उभी असलेली सगळी गल्ली ओरडली. त्रिशलाताईंनी टाळ्या वाजवल्या. मगदूम गाडीला हात टेकून उभे होते, ते नुसते मान हलवत राहिले.

आक्कांनी खटका दाबून पट्टा काढला. परत लावला. परत काढला. मग काठी पुढे करून त्या खाली उतरल्या.

“काय झालं आई? टोचलं काय?”

“न्हाई. चांगला झालाय.” त्या पदर सावरत गाडीला वळसा घालून आल्या. “आता मी पुढं बसतो. त्रिशला, तू बस मागं. बसतीस न्हवं?”

त्रिशलाताई आनंदानं मागे गेल्या. नेन्यांनी पुढची सीट जितकी जाईल तितकी मागे सरकवली, वर उचलली, आक्कांच्या पायांखाली घरातला पाट आणून ठेवू दिला नाही आणि खूप वेळ पट्ट्याची उंची लावत बसले. त्यांचं समाधान होईपर्यंत कुणालाही गाडी सुरू करता आली नाही. मीही त्रिशलाताईंच्या शेजारी जाऊन बसले. नेने फाटकाशीच थांबले, म्हणाले, मी इथूनच बघतो.

कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर दर्शनाला जायचं ठरलं.  मगदूम दोन्ही हात चाकावर घट्ट धरून, बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. हातकणंगल्याचा फाटा मागे पडला, दोन्ही बाजूंची गर्दी सरली आणि समोर रस्ता एकदम सरळ, उन्हात लांबवर पसरलेला दिसायला लागला. दूर टोकाला डोंगर होता.

आक्का पुढे झुकल्या, पट्ट्यानं त्यांना हळूच धरलं, तशा त्या परत टेकून बसल्या आणि काचेतून बघत राहिल्या.

“बाहू,” त्या म्हणाल्या, “एवढा सारा रस्ता असतोय व्हय रे पुढं?”

मगदूमांनी आईकडे एकदा बघितलं, आणि गाडी जरा जोरात सोडली.